नवा घ्यावा की रिकंडिशन

सिडको, छ. संभाजीनगर
४ मार्च २०२४

प्रिय गुलशन,

हे पत्र फारूखभाईंना मोठ्याने वाचून दाखव. त्यात त्यांच्यासाठी एक प्रश्न आहे.

गेल्या गुरुवारी मी तुझ्याकडे का पोचले नाही, ते आधी सांगते. केंब्रिज चौक ओलांडल्यावर समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. दिवा बारीक होता, मी लक्ष दिलं नाही. पुढे एसी गेला, हॉर्न बकरीसारखा वाजायला लागला, स्टिअरिंग दगड झालं आणि शेंद्र्याच्या फाट्यावर गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. मागे कंटेनर. त्याचा ड्रायव्हर उतरून आला. "मावशी, गाडी बाजूला घ्या ना." मी म्हटलं, "घेता आली असती तर मी इथे हवा खायला बसले नसते. ढकला." त्याने आणि दोघा रिक्षावाल्यांनी ढकलली.

गॅरेजवाला म्हणतो, अल्टरनेटर गेला. म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र. चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनची बायको असूनही तुला ते ठाऊक नसणार, म्हणून लिहिलं.

आता प्रश्न. कंपनीचा नवा घ्यावा की रिकंडिशन? नवा खोक्यात बंद, वर्षाची गॅरंटी. रिकंडिशन म्हणजे बाहेरचं कवच जुनं, आतलं बेअरिंग, कार्बन, वायंडिंग बदललेलं, किंमत निम्म्याहून कमी. पण माझा जुना दुकानात सोडायचा आणि परक्या गाडीतला दुरुस्त केलेला माझ्या गाडीत बसवायचा. मला ते पटत नाही. पण मला पटत नाही म्हणून ते चूक, असं मी म्हणत नाही. फारूखभाई, तुम्ही आयुष्यभर अल्टरनेटर खोलून नव्याने भरलेत. जास्त टिकेल कोणता? पैशाचा प्रश्न नाही, टिकण्याचा आहे.

टिकण्याचा अशासाठी, की शिवमला हे कळलं. पुण्याला बसून माझ्या चिरंजीवांना सगळं कळतं. "आई, सहासष्ट वर्षांची तू, चौदा वर्षांची गाडी. विकून टाक आणि आमच्याकडे ये. बाल्कनीची खोली तुझीच आहे." सून प्रेरणाही मागून म्हणाली, "हो आई, याच." दर रविवारी हेच. शेवटी मी वैतागून शब्द दिला: गाडी रस्त्यात आणखी एकदा बंद पडली, की ती विकेन आणि पुण्याला येईन. मी शब्द दिला की काय होतं, तुला माहीत आहे.

गाडीची हेळसांड होते असं कुणी म्हणू नये. गाडी पुसणारा कडुबा होता तोवर नुसतं ओलं फडकं फिरवायचा. तो संक्रांतीला गावी गेल्यापासून मी स्वतः धुते. आमच्याकडे नळ येतो आठवड्यातून एकदा. नळ आला की सोसायटीतले सगळे टाकीतलं उरलेलं पाणी शिळं म्हणून गटारात ओततात. मी ओतत नाही. त्याच पाण्यात साबणाची पूड घालते, बॉनेट उघडते आणि पाइप लावून इंजिन आतून घासते. माझ्या गाडीच्या इंजिनावर बसून जेवता येईल.

लवकर उत्तर दे.

तुझी,
मंजुषा


करमाड
९ मार्च

प्रिय मंजू,

अल्टरनेटर म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन पडलेत, एक तर लोणच्याच्या बरणीला टेकून. तू गणिताची बाई, मुख्याध्यापिका झालीस, पण लोकांना काय माहीत नाय ते सांगायची तुझी सवय कॉलेजातली आहे. होस्टेलवर तू मला चहा कसा करायचा ते शिकवलं होतंस. मला!

त्या गुरुवारी मी चारपर्यंत ओट्यावर बसले होते. तुझा फोन आला होता म्हणे. तू फोनवर बोललीस की मला नुसतं ओरडणं ऐकू येतं, शब्द नाय. कानाचं मशीन शिट्ट्या मारतं. तू पत्रं लिहितेस म्हणून, नायतर माझ्याशी पुरं वाक्य आता कुणी बोलत नाय. घरातले सगळे हातानं सांगतात, जेव, झोप, ऊठ.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. जेवत होते. दुकानाचा भाग आला तसे कान टवकारले. मला वाटलं, आता रिकंडिशनची तारीफ सुरू होणार. येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतात, "अरे, कंपनी का नया भी किसी के हाथ से ही बनता है, माझ्या हातानं बनलेला काय वाईट?" पण तू गाडी धुतेस तो भाग आला आणि यांनी हात वर केला. "ते परत वाच." मी परत वाचलं. "पाइप लावतात?" मी म्हटलं, "व्हय, तसंच लिहिलंय." यांनी घास खाली ठेवला. पाण्याच्या तांब्याकडं बघितलं. मग म्हणाले, "लिही. मंजुबाईंना सांग, कंपनीचा नवा घ्या. माझ्या हातचा नको."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही असं म्हणता?"

"मंजुबाईंसाठी नवाच," म्हणाले आणि उठले.

तर नवा घे बाई. आणि पुण्याचा शब्द कशाला दिलास? मला विचारायचंस तरी.

तुझी,
गुलशन


सिडको
१७ मार्च

प्रिय गुलशन,

नवा बसवला. खोकं माझ्यासमोर फोडायला लावलं, नंबर लिहून घेतला, पावतीवर शिक्का मारून घेतला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढं कुणी बघत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच तुमचं चालतं."

फारूखभाईंचा सल्ला मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत नाव घेऊन सांगितला. स्वतः रिकंडिशनचा धंदा करणारा माणूस समोरच्याला सांगतो, नवा घ्या, माझा नको. असा एक माणूस मला दाखवा, म्हटलं. कुणी दाखवला नाही. त्यांना माझा नमस्कार सांग. तुमची अदीबा आमच्या शाळेत होती तेव्हा मी त्यांना थोडं कडक बोलले होते, ते मनात असेल तर काढून टाका म्हणावं.

माझी गाडी धुण्याची पद्धत त्यांनी दोनदा वाचून घेतली, याचंही बरं वाटलं. पाण्याची किंमत कळणारे लोक कमी झालेत. काल नळ आला. नव्या अल्टरनेटरवर दोन दिवसांतच धूळ बसली होती, तीही काढली. अगदी आतपर्यंत.

शिवमला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. आता बघू म्हणावं पुणं.

येत्या गुरुवारी येते. पाटी-पेन्सिल काढून ठेव, मला खूप बोलायचं आहे.

मंजुषा


करमाड
२६ मार्च

प्रिय मंजू,

तू आलीस, चार तास बसलीस, दोन पाट्या भरून लिहिलंस, गेलीस. आणि तुला सांगायचं ते राहून गेलं. आता लिहिते.

तुझ्या शिवमनं यांना फोन केला होता. रोजा सोडायची वेळ, हातात खजूर, आणि याचा फोन. नवा अल्टरनेटर किती दिवस टिकेल, विचारत होता. हे म्हणाले, टिकायला पाहिजे. तर म्हणाला, "पाहिजे म्हणजे? शंभर टक्के टिकेल ना?" दोनदा विचारलं, मंजू. पोरगा टपून बसलाय. इकडं गाडी थांबली की तिकडं तुझं सामान भरणार. जपून राहा.

दुसरं. तुझं मागचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा यांचा चेहरा पडला. तारीफ ऐकून माणूस खूश होतो, हे पार कोमेजले. मला म्हणाले, मंजुबाईंना लिही की त्या नव्याला जरा… आणि गप्प. मी कागद घेऊन बसले. "जरा काय?" तर म्हणाले, "राहू दे. रमजानमध्ये कुणाचं मन दुखवू नये." मी खूप खोदून विचारलं. नाय बोलले.

अदीबाच्या वेळचं तू विचारलंस. प्रगतिपुस्तक न वाचता सही केली म्हणून तू यांना टेबलासमोर उभं केलं होतंस आणि त्यातला प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायला लावला होतास. मागं चपराशी उभा होता. त्याला वीस वर्षं झाली. अजून तुझी गाडी दारात थांबली की हे टोपी नीट करतात आणि मागल्या दारानं दुकानात जातात. मनात काय नाय म्हणतात. पायात असेल.

ईद झाली की मी जालन्याला जाणार, अदीबाकडं. तिचे दिवस भरत आले. दोन महिने तरी तिथंच. पत्रं तिथं टाक.

गुलशन


सिडको
६ मे

प्रिय गुलशन,

नातवाचं अभिनंदन. दुपटं करमाडला पोचवायला निघाले होते, फारूखभाई शुक्रवारी जालन्याला येतात म्हणून. दुपटं पोचलं. गाडी पोचली नाही.

गुरुवारी, दोन तारखेला, शेंद्र्याच्या अलीकडे. तोच लाल दिवा. या वेळी मी दिवा बघितला, पण बघून करायचं काय? भर उन्हात, भर रस्त्यात. फारूखभाईंना फोन केला. ते अर्ध्या तासात आले, एक शब्द न बोलता टोचन लावलं आणि गाडी करमाडला ओढून नेली. अल्टरनेटर काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "फारूखभाई, हा तर नवा होता. सात आठवडे." ते म्हणाले, "जी, नवाच होता." टोपी नीट केली आणि दुकानात गेले.

मी तो पिशवीत घालून रिक्षाने शहरातल्या दुकानात गेले. गॅरंटी आहे, पावती आहे, शिक्का आहे. काउंटरवरच्या माणसाने टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, पाणी गेलंय. गॅरंटीत बसत नाही." मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, मे महिन्यात पाणी आलं कुठून? आमच्या नळाला आठवड्यात एकदा येतं, ते इंजिनात कसं जाईल? तो म्हणाला, "ते तुम्हीच सांगा." उद्धट माणूस. म्हणजे नव्याचा काही भरवसा नाही. मी ग्राहक मंचात जाणार आहे. अल्टरनेटर पुन्हा फारूखभाईंकडे पाठवून दिला आहे. त्यांनी उघडून कारण लेखी द्यावं, एवढं त्यांना सांग. त्यांची साक्ष मला लागेल.

शिवमला अजून कळवलं नाही. कारण समजलं की कळवेन. पण कारण काहीही निघो, गाडी रस्त्यात बंद पडली हे खरं. पुस्तकांची दोन पोती बांधली. कपाट विशाखाला देते, ती वरच्या मजल्यावरची. तुला पुण्याचा पत्ता पाठवेन. पुण्याहून जालन्याला किंवा करमाडला पत्र यायला किती दिवस लागतात, मला माहीत नाही.

मंजुषा


जालना
११ मे

प्रिय मंजू,

पोतं सोड. आधी हे वाच, आणि उभी असशील तर बस.

हे काल आले. बाळाला मांडीवर घेऊन बसले आणि बाळाकडं बघत बघत मला सांगितलं. माझ्याकडं बघून सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तीनदा सांगावं लागलं. मी तोंड बघून ओळखते ना. शेवटी अदीबानं लिहून दिलं. ते असं.

तुझ्या नव्या अल्टरनेटरमध्ये साबणाच्या पुडीचा पांढरा थर बसलाय. बेअरिंग गंजलं, कार्बन चिकटले. पहिलाही यानंच गेला. मंजू, इंजिनावर पाइप लावत नसतात. अल्टरनेटरला वारा लागावा म्हणून जाळ्या असतात, पाणी सरळ आत जातं. नवा असो का रिकंडिशन, तुझ्या पाइपापुढं कुणीच टिकणार नाय. टाकीतलं शिळं पाणी तू वाचवलंस आणि दोन अल्टरनेटर बुडवले.

हे यांना पहिल्याच पत्रात कळलं होतं. "परत वाच" म्हणाले ते त्यासाठी. मग नवा घ्या का सांगितलं? मी विचारलं. तर म्हणतात, "माझ्या हातचा दोन महिन्यांत गेला असता, तर मंजुबाईंनी मला परत टेबलासमोर उभं केलं असतं. कंपनीचा गेला तर कंपनी उभी राहील." घे! हा तुझा इमानदार माणूस. तू सोसायटीत नाव घेतलंस. अदीबा हसून हसून पडली, बाळ दचकलं. मी नाय हसले. तिथं एक ओळ लिहून टाकली असती तर तुझी गाडी चालू राहिली असती.

आता ऐक. यांनी तो भरलाय. बेअरिंग नवीन, कार्बन नवीन. बसवून गाडी दारात उभी केलीय, चालू आहे. म्हणतात, आता हा नवाही आहे आणि रिकंडिशनही, बाईंना पाहिजे ते समजा. फक्त पाणी नाय. ओलं फडकं.

आणि शिवमला सांगू नकोस. कुणी बघितलं? हे बोलणार नायत, बोलायची यांना सवयच नाय हे तू बघितलंस. तू पुण्याला गेलीस तर त्या खोलीत बसून काय करशील? आणि मी पाटी कुणापुढं धरू? सरळ सांगते, मला तू जायला नको आहेस. माझ्यासाठी एकदा खोटं बोल.

गुलशन


सिडको
१९ मे

प्रिय गुलशन,

पत्र दोनदा वाचलं. चूक माझी. इंजिनावर पाणी मारू नये, हे गाडीच्या पुस्तकात एकोणचाळिसाव्या पानावर लिहिलेलं आहे; मी आता बघितलं. त्या दुकानात जाऊन काउंटरवरच्या माणसाची माफी मागितली. तो इतका घाबरला की त्याने मला चहा दिला. ग्राहक मंचाचा अर्ज फाडला.

फारूखभाईंना सांग, न वाचता सही केली तेव्हा मी रागावले होते. आता त्यांनी वाचून, समजून सही केली नाही, हे जास्त वाईट. पण माणसाला वीस वर्षं तोंड उघडता येऊ नये इतकं मी बोलले असेन, तर त्यात माझेही काही गुण कापले पाहिजेत. पुढच्या वेळी त्यांनी पुढच्या दाराने यावं. मी उभी राहीन, ते बसतील.

खोटं बोलण्याबद्दल. मी तुझ्यासाठीही बोलणार नव्हते. आज सकाळी शिवमला फोन केला आणि सरळ सांगितलं: गाडी बंद पडली, शब्द दिला होता, जूनच्या पहिल्या आठवड्यात येते.

तो म्हणाला, "हो हो, ये ना आई. येच." मग म्हणाला, बाल्कनीच्या खोलीत सध्या प्रेरणाचं ऑफिस आहे, तिचे दिवसभर कॉल असतात, पण हॉलमध्ये काहीतरी करू. मग म्हणाला, जूनमध्ये मुलांच्या शाळा सुरू होतात, गडबड असते, तर दिवाळीनंतर कसं? मागे प्रेरणा होती. तिने या वेळी "याच" म्हटलं नाही. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, तोही हळू.

गुलशन, मी तीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या. उत्तर न आलेला मुलगा कसा बोलतो, हे मला समोर न बघताही कळतं. आधी प्रश्न पुन्हा म्हणतो, मग दुसऱ्याच धड्यातलं सांगतो. अशा वेळी मुलाला छळू नये, पुढचा प्रश्न विचारावा.

तू लिहिलं होतंस की तो टपून बसलाय. शंभर टक्के टिकेल ना, असं त्याने दोनदा विचारलं, ते तुला तसं वाटलं. मलाही वाटलं. आपण दोघी पदवीधर.

मी म्हटलं, "शिवम, पण आपलं ठरलं होतं रस्त्यात बंद पडली तर. ही काही रस्त्यात पडली नाही. इथे खाली, पार्किंगमध्ये पडली. मग शब्द लागू होतो का, तूच सांग."

लहानपणापासून हा मुलगा भाजी कापायच्या पद्धतीवरही माझ्याशी वाद घालत आलाय. आज म्हणाला, "नाही आई, मग नाही लागू होत." लगेच. आवाज एकदम मोकळा झाला. मग पंधरा मिनिटं बोलला, गाडीची काळजी घे म्हणाला, या वेळी अगदी चांगल्यातला चांगला नवा बसव, मी पैसे पाठवतो म्हणाला. मी सांगितलं, रिकंडिशन बसवलाय, करमाडच्या फारूखभाईंच्या हातचा, आणि तो टिकणार आहे.

पोती सोडली. पुस्तकं जागेवर लावली, पण विशाखा कपाट उचलून घेऊन गेली आहे आणि परत मागण्यात अर्थ नाही. बुधवारी बसने करमाडला जाऊन गाडी घेते आणि गुरुवारी तशीच पुढे जालन्याला येते. बाळ बघायचं आहे. पाटी मोठी आण.

फारूखभाईंना नीट सांगून ठेव, आणि या वेळी त्यांनी गप्प बसून चालणार नाही, बोलावं लागेल: शिवमचा फोन आला तर गाडी आमच्या पार्किंगमध्ये बंद पडली होती.

तुझी,
मंजुषा